फुगवट्याची नोटीस

लहानपणापासून घरात मी एकाच गोष्टीवरून बोलणी खाल्ली. हिच्या जिभेला हाड नाही. मांडवात बसून आभाळाकडं बघत "आज भिजणार सगळे" म्हणणारी मी, पाहुण्यांच्या नव्या स्कूटरभोवती फिरून "ब्रेक ढिले दिसतात" म्हणणारीही मीच. आई तोंडाला पदर लावायची. "कावून असं अभद्र बोलायलीस गं?" त्यात अभद्र काय होतं ते मला कधीच कळलं नाही. दिसलं ते सांगितलं. पुढं माजलगावात बी. ए. झाले, इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिली, आणि नशिबानं मला अशी नोकरी दिली की वाईट सांगण्याचाच पगार मिळायला लागला.

आमच्या गल्लीत लोखंड-सिमेंटचं दुकान असलेले एक गृहस्थ होते. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आवाज लोण्यासारखा मऊ. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची, मीही म्हणायची. दुकान सांभाळता सांभाळता ते ठेकेदारीत शिरले. आधी शाळेच्या खोल्या, मग रस्त्याच्या मोऱ्या. त्या वर्षांत सगळंच खुलं व्हायला लागलं होतं. सिमेंटला परमिट लागेनासं झालं होतं, चौकाचौकात एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या होत्या, आणि परदेशी कर्जातून रस्ते-पुलांची कामं निघत होती. तसला एक पूल अप्पांना मिळाला. कामाबरोबर करारनाम्याचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. ते वाचायला कुणीतरी हवं म्हणून अप्पांनी मला बोलावलं.

त्या पुस्तकात एक कलम होतं. ते मला साहेबांनी समजावलं. साहेब म्हणजे कामावर देखरेख ठेवणारे इंजिनिअर, पुण्याकडचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. उन्हाळ्यातही हातात काळी छत्री.

"पुढं कामाला उशीर होईल, खर्च वाढेल किंवा काम कच्चं राहील असं काही दिसलं, की दिसल्या दिसल्या लेखी कळवायचं," ते म्हणाले. "घडल्यावर नाही, आधी. मग दोन्ही बाजूंनी बसून वाट काढायची. यात कुणाला दोष देणं नाही."

"आणि तसं घडलंच नाही तर?"

"मग नोटीस वाया गेली म्हणून पेढे वाटायचे."

त्यांनी मला लिहायची पद्धतही सांगितली. काय दिसतं आहे, त्यातून काय होऊ शकतं, आणि काय करता येईल. याला ते अर्ली वॉर्निंग म्हणायचे. मला ते कलम फार आवडलं. एवढ्या मोठ्या पुस्तकात कुणीतरी माझ्यासाठीच लिहून ठेवल्यासारखं वाटलं.

नदीकाठी कडुलिंबाखाली पत्र्याचं एक शेड होतं, तेच आमचं ऑफिस. एक टेबल, एक टाइपरायटर, लक्ष्मीचा एक फोटो आणि माठ. दुपारी मजूर सावलीला पडायचे, मिक्सर थांबायचा आणि सगळीकडं अशी काही शांतता पसरायची की वाळू तापल्याचाही आवाज येतो असं वाटायचं. मी खिडकीत बसून नदीकडं बघायची. नदी कसली, नुसती वाळू, आणि तिच्यात छातीपर्यंत आलेले खांब. डोळे अर्धे मिटले की अजून न झालेल्या गोष्टी समोर यायच्या. वाळूची गाडी चिखलात रुतलेली दिसायची. उघड्यावर पडलेल्या सळया तांबूस झालेल्या दिसायच्या. दसरा उलटलेला दिसायचा, आणि आमचे सगळे मजूर भांडीकुंडी, पोरंबाळं घेऊन ऊसतोडीला निघालेले, सेंट्रिंगच्या फळ्या तशाच अर्धवट. मी त्या अर्ध्यामुर्ध्या झोपेतच किती वेळ राहायची कोण जाणे. मग उठून कागद चढवायची आणि दिसलं ते टाइप करायची. अप्पांना वाटायचं पोरगी झोपा काढते. त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही.

खरा घोळ सहीच्या वेळी व्हायचा. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून प्रत्येक नोटीस मला मराठीत सांगावी लागायची. पहिलीच नोटीस सांगायला मी तोंड उघडलं, तसे ते खुर्चीतून उठले.

"आतमंदी नगं. भाईर चल."

आमच्याकडं कुणी गेल्याचं कार्ड आलं तर ते घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, वाचून फाडायचं, पाय धुवून आत यायचं. अप्पांनी माझ्या नोटिसांना तोच न्याय लावला. लिंबाखाली उभं राहून ते ऐकायचे, डांबराच्या पिंपावर कागद ठेवून सही करायचे. बाकी पत्रांवर सहीआधी ते पेन्सिलीनं बारीकसं श्री काढायचे, यांच्यावर कधीच नाही. पहिली प्रत साहेबांकडं जायची. फाईलला लावायची कार्बनची प्रत ते माझ्या हातातून काढून घ्यायचे, तिचे तुकडे करून नदीकडं भिरकावून द्यायचे, आणि माठातलं पाणी पायांवर घेऊन शेडमध्ये यायचे.

"अप्पा, ही प्रत आपल्याकडं ठेवायची असते."

"हितं लक्ष्मी बसलीय. तिच्याम्होरं असलं ठिवायचं न्हाई."

एकदा साहेबांनी आमची फाईल मागितली. आत नुसता दोरा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडं सगळं उत्तम चाललंय." ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. नशीब, त्यांच्याकडच्या प्रती ते देव्हाऱ्यातल्या पोथीसारख्या जपत होते.

मी त्यावरून अप्पांची टिंगल करायची, पण फार नाही. त्यांचं दुखणं मला माहीत होतं. नदीच्या पलीकडं जे गाव होतं, तिथं त्यांनी आपली एकुलती एक लेक दिली होती. मी तिला अक्का म्हणायची. पलीकडच्या त्या गावाला धरणानं वेढलं होतं. पावसाळा सरत आला की माजलगावचं धरण भरायचं आणि धरणाचा फुगवटा, म्हणजे अडून मागं सरलेलं पाणी, आमच्या या नदीत मागं मागं चढत यायचा. पूर येतो तसा गडगडाट नाही, फेस नाही, लाल पाणी नाही. सकाळी वाळूवर एक ओली रेघ दिसायची, दुसऱ्या सकाळी ती रेघ बुडालेली असायची. मग पात्रातला कच्चा रस्ता पाण्याखाली जायचा आणि उन्हाळ्यापर्यंत त्या गावाला लांबचा वळसा उरायचा. तो वळसा काळ्या रानातून जायचा. चिखल असला की बैलगाडीसुद्धा त्यात बसून राहायची.

अक्काचं लग्न ठरलं तेव्हाच अप्पांनी या पुलाचं मनावर घेतलं होतं. लग्नानंतरच्या वर्षी दोन्ही घरची माणसं कपिलधारला देवदर्शनाला गेली होती. तिथं धबधब्याखाली ओलेत्यानं उभं राहून अप्पांनी सगळ्यांसमोर बोलून टाकलं, पहिल्या बाळंतपणाला लेकीला मी पुलावरूनच आणीन. अक्काला दिवस गेले तेव्हा पूल निम्म्यावर आला होता. सगळ्यांना वाटलं, बरोबर जुळून येईल.

पण जुळून येणार नाही हे मला पोळ्याच्या सुमारासच दिसलं. शेवटच्या दोन खांबांमधला गाळा अजून मोकळा होता. त्याची सेंट्रिंग उभी राहायची होती, सळई यायची होती, आणि स्लॅब टाकल्यावरही त्याला पक्का व्हायला वेळ द्यावा लागतो. तिकडं त्या वर्षी पाणी लवकर चढत होतं. दुपारी खिडकीत बसले की मला पूल दिसायचा, गाळा नसलेला, आणि त्याच्या तुटक्या टोकापर्यंत भरलेलं शांत निळं पाणी. पलीकडच्या काठावर अक्का उभी. ती काही बोलत नसायची. ते दृश्य इतकं सुंदर असायचं की भीती वाटायला वेळ लागायचा.

मी फुगवट्याची नोटीस टाइप केली आणि अप्पांना लिंबाखाली नेलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि पेन खिशाला लावून टाकलं.

"हे न्हाई. वाळूचं लिही, सळईचं लिही. पान्याचं लिहायचं न्हाई."

"अप्पा, पाणी यायलंय. मला दिसतंय."

"तुला दिसायलंय म्हनूनच यायलंय ते," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "माजी लेक भरल्या पोटाची हाय. तुज्या पाया पडतो बाई, गप ऱ्हा."

बापाच्या वयाच्या माणसानं असं म्हटल्यावर काय करायचं? त्या दिवशी मी गप्प राहिले. पण मला राग आला होता. पाण्याला काय माहीत मी लिहिलं की नाही लिहिलं. कळा येत असताना गाडीत घालून त्या वळशानं नेत असलेली अक्का मला दिसत होती, आणि ते दृश्य अजिबात सुंदर नव्हतं.

मी पुस्तक काढून ते कलम पुन्हा वाचलं. त्यात लिहिलं होतं की पूर्वसूचना ठेकेदार आणि इंजिनिअर या दोघांपैकी कुणीही द्यावी. आजवर ते आमच्या ध्यानात आलंच नव्हतं, कारण साहेबांच्या आधी मीच ओरडून मोकळी व्हायची. मी साहेबांच्या जीपपाशी गेले आणि म्हटलं, "ही नोटीस तुम्ही द्या." त्यांनी पाण्याकडं पाहिलं, शेवटच्या गाळ्याकडं पाहिलं, का म्हणून विचारलं नाही. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी मजकूर लिहिला. पण त्यांच्याकडं टाइपिस्ट नव्हता. तेव्हा साहेबांची अप्पांना नोटीस मीच टाइप केली, अप्पांच्याच टाइपरायटरवर, आणि मीच ती अप्पांना लिंबाखाली नेऊन वाचून दाखवली. अप्पा माझ्याकडं बघत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं. पाय धुवून ते शेडमध्ये गेले.

नोटीस आली की बैठक घ्यावीच लागते. ती दुसऱ्या दिवशी लिंबाखालीच झाली. साहेब छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकवून बसले होते.

"शेवटचा गाळा पाण्याआधी होईल का, अप्पा?"

"म्हादेव करील."

"करील. पण नाही केला, तर पलीकडच्या गावाला आधी कळायला हवं. रस्ता बंद होणार, काय आणायचं-न्यायचं ते आत्ताच आणा-न्या, एवढंच सांगायचं. कोण जाईल?"

मी म्हटलं, मी जाते. अप्पा नाही म्हणाले नाहीत. खांद्यावरचा पंचा झटकून ते उठले आणि चढणीनं पुलावर गेले. जिथं स्लॅब संपत होता तिथं जाऊन पाठमोरे उभे राहिले.

पलीकडच्या गावात देवळाच्या ओट्यावर बसून मी निरोप सांगितला. लोकांनी बिड्या विझवून ऐकलं. त्यांना नवं काही नव्हतं. पाणी येतं ते त्यांना ठाऊकच होतं, पण येण्याआधी कुणी सांगायला आलं नव्हतं, म्हणून त्यांना माझं अप्रूप वाटलं. तिथून मी अक्काच्या घरी गेले. तिच्या सासूनं पाणी दिलं, गूळ दिला, आणि मी विषय काढायच्या आतच मिटवला.

"तुमच्या अप्पांनी पुलावरनं नेतो म्हनलंय. आन मुराळी आल्याबिगर सून धाडायची रीत न्हाई आमच्यात."

मुराळी म्हणजे लेकीला न्यायला आलेला माहेरचा माणूस. भाऊ असतो, काका असतो, बाप असतो. अक्काला भाऊ नव्हता, आणि बाप त्या पुलावर अडकून बसला होता. एवढ्यात अक्का दाराला धरून बाहेर आली. चेहरा भरला होता, थकलाही होता.

"ही कुटनं आली, आत्याबाई? माज्या अप्पांच्या हापिसातनं. मग माहेरचं मानूस न्हाई का ही?"

"बाई मुराळी कुटं असती का?"

"टाइप करनारी बाई तरी कुटं असती?"

सासू माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत राहिली. मी उगाचच पदर सावरला. मग ती हसली, पण डोळे पुसत. आत गेली, तांदूळ आणि खण घेऊन आली, सुनेची ओटी भरली, आणि लाडवांचा डबा माझ्या हातात दिला. "जपून ने गं माय," म्हणाली. एवढ्यावर मी मुराळी झाले.

आम्ही दोघी कच्च्या रस्त्यानं उतरलो. पाणी दोन्ही बाजूंनी येऊन थांबलं होतं. बाभळी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्याखाली दुसऱ्या बाभळी उलट्या. वारा नव्हता. एक वाळकं पान आमच्या शेजारून नदीच्या उलट्या दिशेनं, डोंगराकडं, आरामात चाललं होतं. आपणही कुठं चाललो आहोत, पुढं की मागं, काही कळू नये असं ते दुपारचं पाणी होतं. अक्कानं चपला हातात घेतल्या होत्या.

"घालत का नाहीस? खडे टोचतील."

"पायात शिरत न्हाईत आताशा. डोकं बी लई चढतंय. मदीच डोळ्याम्होरं काजवे चमकत्यात." ती हसली. "पैलं पोट हाय, आसंच असतंय म्हनत्यात समद्या."

मी तिच्या पायांकडं पाहिलं. घोटे दिसत नव्हते. बोट दाबलं तर खळगा राहील असे पाय होते. आमच्या आत्याचे पाय पोटुशी असताना तसेच झाले होते, आणि आत्या पुढं राहिली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच दिसलं ते माझ्या तोंडून निघेना.

अप्पा वर उभे होते. पात्रातून दोन बायका येताना त्यांनी बघितल्या, ओळखल्या, आणि तिथंच राहिले. आम्ही शेवटच्या गाळ्याच्या जागेखालून चाललो तेव्हा मान वर केली तर अक्काच्या डोक्यावर मोकळं आभाळ होतं. अप्पांना खाली यायला किती वेळ लागला असेल सांगता येणार नाही. अलीकडच्या काठावर आम्ही चढून आलो, तेव्हा ते समोर येऊन ठेपले होते. त्यांनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला.

"पूल न्हाई झाला गं," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

"मी पूल बगाया न्हाई आले, अप्पा. माहेरी आले."

ते रडले. मग पंच्यानं तोंड पुसून तिला हाताला धरून शेडकडं न्यायला लागले. अक्काच्या पायांचं सांगायचं राहिलंच होतं. एकीकडं ते बापलेक इतके सुखात होते, आणि दुसरीकडं मी, डबा घेऊन उभी. मला त्या क्षणी माझ्या जिभेचा तिरस्कार वाटला. पण लिंबाखाली अप्पाच थांबले. वळून माझ्याकडं बघितलं. इतक्या महिन्यांत माझा चेहरा त्यांना वाचता यायला लागला असावा.

"काय दिसायलंय तुला?" त्यांनी विचारलं. "सांग. हितंच सांग."

मग मी साहेबांच्या पद्धतीनंच सांगितलं, नाहीतर मला जमलं नसतं. पायाला सूज आहे, डोकं चढतं, डोळ्यापुढं काजवे चमकतात. यातून आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतं. घरी न नेता इथूनच मोठ्या दवाखान्यात नेता येईल. अक्का पिंपाला टेकली. अप्पांनी मला गप्प राहा म्हटलं नाही. साहेबांची जीप उभी होती. ते थेट साहेबांकडं गेले आणि हात जोडले. साहेबांनी किल्ली काढली.

अंबाजोगाईपर्यंतचा रस्ता माझ्या आठवणीत फार धूसर आहे. अक्काचं डोकं माझ्या मांडीवर होतं, ज्वारीची रानं मागं जात होती, आणि अप्पा पुढं बसून सबंध वाट मनातल्या मनात जप करत होते. दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. बाळ वेळेआधी काढावं लागलं. मुलगी झाली, मूठभर, पण रडली चांगली. अक्का त्यानंतर बरेच दिवस पडून होती, पण उठली.

आम्ही व्हरांड्यात बसलो होतो, तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हात पुसत अप्पांना म्हणाल्या, "अशा बायका आमच्याकडं झटके आल्यावरच आणतात. तुम्ही आधीच कसं काय आणलंत?"

अप्पा उठून उभे राहिले. "आमाला सांगितलं हुतं, बाई," ते म्हणाले. "आदीच सांगितलं हुतं."